टेपवरील राखीव प्रत व तिची पडताळणी

राखून ठेवलेल्या बियाण्याची उगवणशक्ती पेरणीपूर्वी तपासून पाहावी, हे शेतकरी बंधूंना ठाऊक आहेच. कणगी भरलेली आहे एवढ्यावरून बी उगवेलच असे म्हणता येत नाही. संगणकातील माहितीची जी राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, टेपवर घेतात, तिलाही हाच नियम लागू पडतो.

राखीव प्रत कशासाठी?

हार्ड डिस्क हे यंत्र आहे. ते केव्हा ना केव्हा निकामी होतेच. शिवाय एका चुकीच्या आज्ञेने चांगल्या डिस्कवरील फाईलीही नाहीशा होतात. १९९८ साली अमेरिकेत पिक्सार ह्या संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ ह्या चित्रपटाचे काम चालू होते. फाईली पुसणारी युनिक्सची ‘आरएम’ ही आज्ञा भलत्या ठिकाणी दिली गेली व चित्रपटाचा बराचसा भाग पुसला गेला. बॅकअप पाहू जाता तोही सदोष निघाला. संस्थेतील एका तंत्रज्ञ बाईंच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती, म्हणूनच पुष्कळसे काम वाचले.

प्रत घेण्याची रीत

ज्या युनिक्स संगणकांवर ‘डम्प’ ही आज्ञा आहे, तेथे दर रविवारी ० पातळीची, म्हणजे पूर्ण प्रत घ्यावी. इतर दिवशी १ पातळीची प्रत घ्यावी. तीत पूर्ण प्रतीनंतर झालेले सर्व बदल येतात. अशा रीतीने रविवारची व शेवटच्या दिवशीची, अशा दोन प्रतींवरून माहिती परत मिळविता येते.

निवडक फाईलींसाठी १९७९ पासून प्रचारात असलेली ‘टार’ ही आज्ञा सोयीची आहे. फाईलींची नावे चालू डिरेक्टरीपासून द्यावीत, म्हणजे त्या पुढे वेगळ्या जागी उतरविता येतात.

लिनक्समध्ये एका गोष्टीस विशेष जपावे. टेपयंत्रास ‘एसटी०’ ह्या नावाने हाक दिल्यास काम संपताच टेप आरंभाला गुंडाळली जाते व पुढील प्रत आधीच्या प्रतीवरच लिहिली जाते. एकाच टेपवर एकापुढे एक प्रती घ्यावयाच्या असल्यास ‘एनएसटी०’ हे नाव वापरावे.

पडताळणी

प्रत पूर्ण होताच टेपवरील फाईलींची यादी वाचून पाहावी. परंतु यादी दिसली म्हणजे काम झाले असे समजू नये. महिन्यातून एकदा तरी काही फाईली रिकाम्या डिरेक्टरीत उतरवून मूळ फाईलींशी ‘सीएमपी’ ह्या आज्ञेने ताडून पाहाव्यात. मूळ जागी मात्र उतरवू नयेत. तसे केल्यास नवी माहिती जुन्या माहितीखाली गडप होते.

टेपवर दिनांक व पातळी लिहावी, तिची लेखनरोधक खूण लावावी आणि एक संच दुसऱ्या इमारतीत ठेवावा. संगणकाच्याच खोलीत ठेवलेली टेप आगीत संगणकाबरोबरच जळून जाते.

जी प्रत एकदाही परत उतरवून पाहिलेली नाही, तिच्या भरवशावर राहू नये.