विश्लेषण : फाशांच्या खेळातली गोष्ट नेमकी कुणाची?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका २०१६ मध्ये आली आणि तळघरात टेबलाभोवती बसून, फासे टाकत राक्षसाशी लढणारी मुले भारतीय प्रेक्षकांनीही पाहिली. तो खेळ म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. या प्रकाराला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात. यात बहुधा कुणी जिंकत नाही की हरत नाही. रात्र संपते तेव्हा हाती उरते ती एक गोष्ट. ती कुणाची म्हणायची? खेळ मांडणाऱ्याची, खेळणाऱ्यांची की फाशांची? या प्रश्नावर खेळणाऱ्यांत पन्नास वर्षे वाद आहे. झाडीपट्टीच्या माणसाला तो फारसा परका वाटू नये.

हा खेळ चालतो कसा?

समजा, गोंदियाजवळच्या मुर्रीत धानकापणीनंतरच्या एका रात्री चार मित्र खेळायला बसले. एक जण सूत्रधार होतो. इंग्रजी पुस्तकांत त्याला ‘गेम मास्टर’ म्हणतात. उरलेले तिघे एकेक पात्र घेतात. एक शंकरपटात बैलजोडी हाकणारा धुरकरी, दुसरा राइस मिलमधला हमाल, तिसरी नाटक कंपनीतली गायिका. सूत्रधार सांगतो, ‘नाटक सुरू व्हायला दोन तास उरलेत आणि प्रॉम्प्टर बेपत्ता आहे. मामा तलावाच्या पाळीवर त्याची एक चप्पल सापडली. काय करता?’

हे ‘काय करता?’ म्हणजे खेळाचा कणा. धुरकरी म्हणतो, मी अंधारात पाळीवरून पावलांचा माग काढतो. जमेल का? सूत्रधार आकडा ठरवतो, समजा १२. वीस बाजूंचा फासा टाकायचा. १२ किंवा त्याहून जास्त पडले तर जमले. नुसत्या फाशावर ही शक्यता २० पैकी ९, म्हणजे ४५ टक्के. पण धुरकरी रानवाटांचा जाणता असेल आणि त्याच्या कागदावर त्यासाठी ३ गुण लिहिलेले असतील, तर ते फाशात मिळवायचे. मग ९ पडले तरी भागते आणि शक्यता ६० टक्क्यांवर जाते. पात्र कोण आहे, कुठून आले आहे, हे असे गणितात उतरते.

आणि फासा ४ वर थांबला तर? नवखा सूत्रधार ‘माग सापडला नाही’ म्हणून मोकळा होतो आणि गोष्ट तिथेच अडते. मुरलेला सूत्रधार म्हणेल, ‘माग सापडला, पण तुझ्या बॅटरीच्या उजेडाने सारसांची जोडी बुजली. तिच्या ओरडण्याने पलीकडचा माणूस सावध झाला.’ अपयशातूनही गोष्ट पुढे सरकली. या खेळात कथेचे काम काय, याचे सगळ्यांत सोपे उत्तर हेच आहे.

यात गोष्ट शिरली कुठून?

युद्धखेळांतून. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून नकाशावर लढाया खेळवून अधिकाऱ्यांना शिकवले जाई. निकाल पंच देई, आधी कोष्टके आणि फासे पाहून. १८७० च्या दशकात काही अधिकाऱ्यांनी कोष्टके बाजूला सारून पंचाच्या अनुभवावर भिस्त ठेवली. आजचा सूत्रधार या पंचाचा वंशज.

पुढचे वळण अमेरिकेतले. डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ मध्ये नेपोलियनच्या काळातल्या एका काल्पनिक जर्मन गावाचा खेळ मांडला आणि सेनापतींबरोबरच गावकऱ्यांच्याही भूमिका वाटल्या. खेळाडू लढाई सोडून आपापसांत कारस्थाने करू लागले. वेस्लींना वाटले, खेळ फसला. खेळाडूंनी मात्र पुन्हा खेळायचा हट्ट धरला. त्यांच्याच गटातल्या डेव्ह आर्नेसन यांनी हा धागा पुढे नेला आणि गॅरी गायगॅक्स यांच्यासह १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. तीन पुस्तिकांच्या त्या पेटीच्या पहिल्या प्रती हजारच होत्या.

वाद कशाचा आहे?

सूत्रधाराने शेवट आधीच ठरवावा का, याचा. १९८४ पासून ‘ड्रॅगनलान्स’ ही साहसमाला आली. तयार पात्रे, महाकाव्यासारखे कथानक आणि सोबत त्याच कथेच्या कादंबऱ्या. ती लोकप्रिय झाली. पण तक्रारही आली की खेळाडू काहीही करोत, गाडी ठरलेल्या रुळांवरून ठरलेल्या स्टेशनातच जाते. इंग्रजीत या दोषाला रुळांवरूनच नाव पडले आहे.

दुसऱ्या टोकाला २००९ चा ‘फियास्को’. त्यात सूत्रधारच नाही. सगळे मिळून एका फसलेल्या बेताची गोष्ट रचतात. २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये सूत्रधार असतो, पण पुढे काय होते ते कळावे म्हणूनच खेळा, कथानक आधी रचू नका, असा दंडक त्यालाही आहे.

प्रस्तुत लेखकाचे मत दुसऱ्या बाजूला झुकते, पण पूर्ण नाही. सूत्रधाराने काहीच तयारी केली नसेल तर तासाभरात सगळे चहा प्यायला उठतात. प्रॉम्प्टरला कोण घेऊन गेले आणि का, एवढे त्याला ठाऊक हवे. तो सापडेल का, हे ठाऊक नसावे.

मराठीत असे काही होते का?

पटावरची गोष्ट होती. परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडलेला मोक्षपट हा सापशिडीचा पूर्वज. चौकटींत गुण-दोष, सापांनी अधोगती, शिड्यांनी उन्नती. पण त्यात खेळाडूला निवड नाही. दान पडेल तिथे जायचे. गोष्ट पटावर आधीच लिहिलेली.

खरे नाते लोकनाट्याशी आहे. झाडीपट्टीच्या दंडारीत आणि खडी गंमतीत कथानक साऱ्यांना माहीत असे, संवाद मात्र तिथल्या तिथे उभे राहत. समोरचा काय बोलला, प्रेक्षकांतून कोण हसले, त्यावर पुढचे वाक्य ठरे. तमाशाच्या बतावणीतही हेच. ‘विच्छा माझी पुरी करा’ची संहिता वसंत सबनीसांची, पण दादा कोंडके त्या-त्या दिवसाच्या घडामोडी तीत पेरत. सांगाडा लेखकाचा, मांस नटाचे.

पुढे झाडीपट्टीत रात्रभराचे लेखी नाटक रुजले. वडसा त्याचे केंद्र झाले, दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम चालू लागला. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये मिळालेल्या पद्मश्रीने या रंगभूमीवर राष्ट्रीय मोहोर उमटली. या नाटकाचा आधारस्तंभ प्रॉम्प्टर. तालमीला वेळ नसतो, तो वाक्य पुरवतो आणि नट उचलतो. हा तोटा आहे असे सरसकट म्हणता येणार नाही. गावोगाव तंबू भरतात ते या नाटकांमुळेच. मात्र समोरच्याचे ऐकून आपले वाक्य घडवण्याची दंडारीतली सवय त्यात मागे पडली. रोलप्लेइंग गेम नेमकी तीच सवय मागतो, तीही रंगमंचावर उभे राहायला लाजणाऱ्या माणसाकडून.

हा खेळ मराठीत खेळता येईल?

कायद्याची अडचण नाही. जानेवारी २०२३ मध्ये ‘विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने परवान्याच्या अटी बदलायचा घाट घातला. खेळाडूंचा रोष उसळल्यावर माघार घेताना तिने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. श्रेय देऊन त्यांचे भाषांतर कुणालाही करता येते, विकताही येते.

अडचण आहे ती कल्पनेची. नियम भाषांतरित झाले तरी किल्ले, ड्रॅगन आणि पबमधली भेट तशीच राहिली, तर मुर्रीतला हमाल आपले पात्र होऊन बोलणार कसा? तो बोलेल झाडीबोलीत, आणि त्यासाठी जग त्याच्या ओळखीचे हवे. कचारगडच्या गुहा, नागझिऱ्याचे रान, तेंदूपत्त्याचा हंगाम, पहाटे परतणारी नाटक मंडळी. सामग्रीला तोटा नाही.

साहित्यही फार लागत नाही. वीस बाजूंचा फासा मिळाला नाही, तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालाव्यात. काढलेली चिठ्ठी दरवेळी परत टाकायची, नाहीतर वर सांगितलेले टक्के बदलतात.