खिडकीची सैल बिजागरी

मृगाचा पहिला वारा सुटला कीं मुंबईतील जुन्या चाळींतून खिडक्यांच्या झडपा आपटण्याचा आवाज ऐकूं येऊं लागतो. कोठें झडप चौकटीस घांसते, कोठें खिटी भोंकाशीं जुळत नाहीं. आणि घरांतील मंडळी झडप थोडी उचलून लावण्याची संवय करून घेतात. ही संवयच धोक्याचा इषारा होय. वरच्या मजल्यावरील सागवानी झडप निखळली, तर खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेततें.

खिडकी अडली म्हणजे लोखंड झिजलें, असा सामान्य समज आहे. पुष्कळदां मात्र दोष लोखंडांत नसून लांकडाची पकड सुटलेली असते. झडपेच्या भारानें खालची बिजागरी चौकटीवर दाबली जाते, तर वरची बाहेर ओढली जाते. झडप १० किलो वजनाची व अर्धा मीटर रुंद असून बिजागऱ्यांत १ मीटर अंतर असेल, तर वरच्या बिजागरीवर सुमारें अडीच किलोची ओढ अहोरात्र असते. वाऱ्यानें झडप आपटली कीं ती एकदम वाढते. हळूहळू स्क्रूच्या आट्यांभोंवतींचें लांकूड भुगा होऊन भोंक मोठें होतें.

दोष ओळखण्यासाठीं झडप अर्धी उघडून तिची मोकळी कड हळूच उचलून पाहावी. बिजागरीचें पान लांकडापासून हललें, तर स्क्रू सैल आहेत. पान स्थिर राहून मधली खीळ खुळखुळली, तर मात्र बिजागरीच झिजली आहे. ती बदलणेंच बरें. नवी आणतांना जुनीचें माप बरोबर न्यावें.

सैल स्क्रू नुसता आवळून टिकत नाहीं. प्रथम झडपेच्या कडीस दोरी बांधून ती वरच्या गजास ताणून बांधावी. एका वेळीं एकच स्क्रू काढावा. काम दोन-तीन दिवस चाललें तरी हरकत नाहीं. भोंकांतील भुगा काढून त्यांत बांबूच्या किंवा सागाच्या सुक्या काड्या सरसांत बुडवून घट्ट ठोकाव्या आणि बाहेर उरलेलीं टोंकें कापावीं. एक दिवस वाळूं द्यावें. मग मध्यभागीं बारीक छिद्र पाडून स्क्रू फिरवावा. लांकूडच कुजलें असेल, किंवा काम करण्यास बाहेर वांकावें लागत असेल, तर सुतारास बोलवावें.

गंजलेल्या स्क्रूवर रॉकेलचे थेंब सोडून तो रात्रभर ठेवावा. जवळपास दिवा वा विस्तव नसावा. पितळी बिजागरीस लोखंडी स्क्रू लावूं नयेत, कारण समुद्राच्या खाऱ्या दमट हवेंत पितळेच्या संगतीनें लोखंड लवकर खातें. पितळी स्क्रू मऊ असतो. म्हणून आधीं तेवढ्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करावी. खिळीस शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरेत. जवसाचें तेल वाळून चिकट होतें, तें टाळावें.

खिटी जुळत नाहीं म्हणून तिचें भोंक कोरण्याची घाई करूं नये. बिजागरी पक्की झाली कीं बहुधा ती आपोआप जुळते. पावसांत फुगलेल्या झडपेवरही लगेच रंधा चालवूं नये. तीच झडप उन्हाळ्यांत आक्रसून फटी पडतात. घांसणाऱ्या जागेवर खूण करून ठेवावी आणि लांकूड सुकल्यावर गरज उरली तरच तासावें.

शेवटीं, झडप उघडी ठेवणारा आंकडा तपासावा. तो सैल असला कीं प्रत्येक झुळुकीबरोबर झडप आपटते आणि केलेली दुरुस्ती व्यर्थ जाते. वैशाखांत अशी एक फेरी घरांतील खिडक्यांवरून मारली, तर आषाढांतल्या वादळी रात्रीं घरच्यांस निर्धास्त झोंप लागते, आणि खालच्या वाटसरूसही भय राहत नाहीं.