फ्रीस्टाइल पोहणे : सुट्या सरावाची उपयुक्तता व मर्यादा

पोहण्याच्या स्पर्धांत ‘फ्रीस्टाइल’ म्हणजे वस्तुतः कोणत्याही पद्धतीने पोहण्याची मुभा होय. तथापि ‘क्रॉल’ ही पद्धत सर्वांत वेगवान ठरल्यामुळे व्यवहारात या दोन्ही संज्ञा एकाच अर्थाने वापरल्या जातात. क्रॉल सुधारण्यासाठी शिक्षक त्यातील एकेक क्रिया सुटी करून तिचा सराव करवितात. अशा सुट्या सरावाने, अर्थात ‘ड्रिल’ने, नेमके काय साधते व त्याची मर्यादा कोणती, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असते. पोहणाऱ्यास होणारा पाण्याचा विरोध साधारणतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी वाढवावयाचा तर सुमारे ३३ टक्के अधिक शक्ती लागेल. म्हणून नुसते बळ वाढविण्यापेक्षा विरोध कमी करणे अधिक फलदायी होय.

या विरोधाचे एक प्रमुख कारण म्हणजे खाली जाणारे पाय. फुप्फुसांतील हवेमुळे शरीराला वर उचलणाऱ्या बलाचा मध्य गुरुत्वमध्याहून डोक्याच्या बाजूस असतो; साहजिकच पाय बुडू पाहतात. विहिरीत डोके बाहेर ठेवून पोहावयास शिकलेल्याचा हा दोष अधिकच वाढतो. यावर कुशीवरचा सराव उपयोगी पडतो. त्यात खालचा हात पुढे ताणून व वरचा मांडीशी ठेवून केवळ पाय मारीत जावयाचे असते. डोके न उचलता अंगाबरोबर वळवून श्वास घेण्याची सवय याने जडते.

मूठ मिटून पोहण्याचा हेतू निराळा आहे. तळव्याचा आधार नाहीसा झाल्याने कोपर उंच ठेवून, कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाने पाणी मागे रेटणे भाग पडते. नंतर मूठ उघडताच पाण्यावरील पकड स्पष्ट जाणवते.

परंतु सराव स्वतःच नवा दोष निर्माण करू शकतो. एक हात पुढे ताणून ठेवून दुसरा त्यास येऊन मिळेपर्यंत थांबण्याच्या सरावाने अंगाची लांबी राखता येते, हे खरे. मात्र तोच अतिरेकाने केल्यास दोन हातांच्या फेऱ्यांत खंड पडतो. खंड पडला की वेग उतरतो व तो पुन्हा मिळविण्यात शक्ती खर्ची पडते.

नेलर व ब्रिग्ज यांनी १९६३ साली मांडलेला विचार येथे मार्गदर्शक ठरतो. ज्या कौशल्याचे घटक परस्परांत घट्ट गुंतलेले असतात, ते समग्र सरावानेच अधिक चांगले आत्मसात होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. क्रॉलमध्ये हात, श्वास व अंगाचे वळणे एकमेकांवर अवलंबून असतात. यास्तव २५ मीटर सुटा सराव झाल्यावर लगेच २५ मीटर संपूर्ण क्रॉल पोहणे श्रेयस्कर होय.

प्रगतीची कसोटीही दुहेरी हवी. समजा, २५ मीटर अंतर २० सेकंदांत व २० हातांत कापले जात होते. तेच २० सेकंदांत १८ हातांत कापले गेले, तर सुधारणा झाली. हात १८ झाले पण वेळ २३ सेकंदांवर गेला, तर केवळ तरंगणे वाढले. वेग म्हणजे प्रत्येक हातात कापलेले अंतर व हातांची गती यांचा गुणाकार. त्यांपैकी एकाच घटकाकडे पाहून काढलेला निष्कर्ष शिक्षकाची दिशाभूल करतो. सुटा सराव हे दोषनिवारणाचे साधन आहे; संपूर्ण पोहण्यात तो उतरला, तरच त्याचे सार्थक.