वेगवान खेळासाठी कळफलक कसा निवडावा?

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण खेळाडूंच्या बाबतीत फार लवकर वापरतो. संगणकावर खेळणारा मुलगा हरला आणि म्हणाला, "माझा कळफलकच बरोबर नाही," की घरची वडील माणसे हसतात. त्यांचे हसणे पुष्कळदा योग्यही असते. पण कधीकधी अंगण खरोखरच वाकडे असते, आणि मग ते किती वाकडे आहे हे मोजून पाहावे लागते. कारण तक्रारीपाठोपाठ पैशांची मागणी येते. 'मेकॅनिकल' म्हणून विकला जाणारा कळफलक साध्या कळफलकाच्या कितीतरी पट महाग असतो. दुकानात गेले की तांबडा घ्यावा, निळा, तपकिरी की चंदेरी, असा पेच पडतो आणि विकणारा 'हा सगळ्यांत फास्ट' एवढेच सांगतो. वर्षभर पैसे साठवलेल्या विद्यार्थ्याला एवढ्याच शब्दावर भरवसा ठेवून खरेदी करावी लागू नये, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी कळीखाली काय असते ते पाहू. साध्या कळफलकात सगळ्या कळांखाली बहुधा रबराची एकच चादर असते आणि प्रत्येक कळीखाली तिला एक छोटा घुमट असतो. कळ दाबली की घुमट बसतो आणि खालच्या पातळ पडद्यांवरचा विजेचा मार्ग जुळतो. घुमट बसेपर्यंत, म्हणजे कळ जवळजवळ तळाला जाईपर्यंत, काही नोंदले जात नाही. मेकॅनिकल कळफलकाचे तसे नाही. तिथे प्रत्येक कळीला आपला स्वतंत्र स्विच असतो. एक लहानशी प्लास्टिकची डबी, तिच्यात खालीवर होणारी दांडी, दांडीभोवती स्प्रिंग आणि बाजूला धातूच्या दोन पात्या. दांडीचा पाय या पात्यांना एकमेकींपासून दूर धरतो. दांडी खाली गेली की पाय बाजूला होतो, पात्या एकमेकींना टेकतात आणि कळ दाबल्याची वर्दी संगणकाला मिळते. लक्षात घ्या, हे तळाला पोचण्यापूर्वी, अर्ध्या वाटेवरच घडते.

या जातीच्या स्विचांचा नमुना घालून दिला तो चेरी या जर्मन कंपनीने, १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात. त्याचे नाव 'एमएक्स'. पुढे पेटंटची मुदत संपली आणि चीनमधील गेटरॉन, कैल आदी कंपन्या त्याच मापाचे स्विच करू लागल्या. रंगांवरून ओळखण्याची रीतही चेरीचीच. तेव्हा आपण चेरीचेच आकडे आधाराला घेऊ. इतरांचे थोडे इकडेतिकडे असतात, आणि म्हणूनच रंगापेक्षा डबीवरचे आकडे वाचणे बरे.

आकडे तीन पाहायचे. पहिला, कळ चालू व्हायला किती जोर लागतो. दुसरा, किती खोलीवर ती चालू होते. तिसरा, तळापर्यंतचे एकूण अंतर. तांबड्या स्विचाला ४५ सेंटिन्यूटन जोर लागतो. हे माप अपरिचित वाटेल, पण ते घरीच समजून घेता येते. आपले दहा रुपयांचे दोन धातूंचे नाणे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरते. अशी सहा नाणी एकावर एक ठेवली तर होणारे वजन म्हणजे तांबड्या स्विचाचा जोर. काळ्या स्विचाला ६० सेंटिन्यूटन लागतात, म्हणजे आठ नाणी. दोन नाण्यांचा फरक तो काय, असे वाटेल. पण दोनतीन तास खेळून झाल्यावर करंगळीला विचारा!

चालू होण्याची खोली तांबड्या आणि काळ्या स्विचात २ मिलिमीटर, आणि तळ ४ मिलिमीटरवर. हे दोन्ही सरळ उतरतात, वाटेत काही अडत नाही. दुकानात यांना 'लिनिअर' म्हणतात. तपकिरी स्विचात चालू होण्याच्या सुमारास बोटाला एक उंचवटा जाणवतो, हा 'टॅक्टाइल'. निळ्यात उंचवटाही आहे आणि शिवाय खट्ट असा आवाज, हा 'क्लिकी'. चंदेरी स्विच वेगासाठी म्हणूनच काढलेला. तो १.२ मिलिमीटरवरच चालू होतो आणि त्याचा तळ ३.४ मिलिमीटरवर आहे. जोर तांबड्याइतकाच.

आता कोणीही म्हणेल की प्रश्न सुटला. जो सर्वांत वर चालू होतो तो चंदेरीच सर्वांत वेगवान! जाहिरातीही हेच सांगतात. पण यात एक गोष्ट सुटते. कळ दाबायची असते तशी ती सोडायचीही असते, आणि वेगवान खेळात सोडण्याचे महत्त्व दाबण्याहून कमी नाही.

उदाहरणासाठी काउंटर-स्ट्राइक हा जगभर खेळला जाणारा नेमबाजीचा खेळ घेऊ. त्यात डाव्या हाताची बोटे डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर असतात. डी दाबली की खेळाडू उजवीकडे सरकतो, ए दाबली की डावीकडे. धावता धावता गोळी झाडली तर ती भलतीकडे जाते. नेम धरायचा तर थांबले पाहिजे. म्हणून जाणते खेळाडू उजवीकडे सरकताना डी सोडतात, क्षणभर ए दाबून अंगातला वेग मारतात आणि त्याच क्षणी गोळी झाडतात. म्हणजे एका नेमामागे कळ सोडण्याचीही वेळ साधावी लागते. डी सुटल्याची नोंद उशिरा झाली तर थांबणे उशिरा होते, आणि समोरचा तेवढ्यात आपले काम करून जातो.

आता हिशेब करू. घाईत बोट कळ तळापर्यंत नेते, हे सर्वांचेच होते. तांबड्या स्विचात तळ ४ वर आणि चालू होण्याची जागा २ वर. बंद होण्याची जागाही तिथेच, किंचित वर. म्हणजे सुटल्याची नोंद व्हायला कळ सुमारे २ मिलिमीटर वर यावी लागते. चंदेरीत तळ ३.४ वर आणि चालू होण्याची जागा १.२ वर. वजाबाकी केली तर २.२! दाबताना जे कमावले त्यातले थोडे सोडताना गेलेच. निळ्याची गोष्ट आणखी निराळी. त्यात चालू होण्याची आणि बंद होण्याची जागा मुद्दामच वेगळी ठेवलेली असते. तो खट्ट आवाज त्या रचनेतूनच येतो. बंद व्हायला कळ आणखी वर यावी लागते, त्यामुळे भराभर एकच कळ पुन्हापुन्हा मारणाऱ्याला निळा स्विच अडवतो. लिहिणाऱ्याला तो गोड वाटेल, खेळणाऱ्याला नाही.

सोडण्याचा हा पेच सुटला तो चुंबकामुळे. १८७९ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाच्या तरुण अभ्यासकाने सोन्याच्या वर्खातून विजेचा प्रवाह सोडला आणि तो वर्ख चुंबकाच्या प्रभावाखाली ठेवला. तेव्हा प्रवाहाच्या आडव्या दिशेला अगदी अल्प असा विद्युतदाब निर्माण होतो, असे त्याला आढळले. यालाच हॉल परिणाम म्हणतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हनीवेल कंपनीच्या मायक्रो स्विच विभागाने यावर चालणारे कळफलकही केले होते. आजच्या चुंबकी स्विचात दांडीला एक छोटा चुंबक असतो आणि खाली हा दाब मोजणारा संवेदक. धातूच्या पात्या नाहीत, टेकणे नाही. कळ दाबली आहे की नाही एवढेच न कळता, ती किती खोल आहे हे सतत कळत राहते.

याचा उपयोग असा, की कळ कुठे चालू व्हावी हे आपण ठरवू शकतो. नेदरलँड्समधील वूटिंग कंपनीच्या '६० एचई' या कळफलकावर ही खोली ०.१ पासून ४ मिलिमीटरपर्यंत कुठेही लावता येते. आणि खरी गंमत पुढेच आहे. 'रॅपिड ट्रिगर' या सोयीत ठराविक बंद होण्याची जागाच उरत नाही. कळ जिथे असेल तिथून जराशी वर आली की सुटली, पुन्हा जराशी खाली गेली की दाबली. तळाला गेलेले बोट दोन मिलिमीटर वर यायची वाट पाहावी लागत नाही. मघाचा थांबून नेम धरण्याचा डाव ज्याला साधायचा आहे, त्याला खराखुरा फरक इथे मिळतो.

पण फरक म्हणजे किती? समजा, बोट सेकंदाला १०० मिलिमीटर या गतीने खाली जाते. तांबडा आणि चंदेरी यांच्यातले ०.८ मिलिमीटर अंतर तोडायला ८ मिलिसेकंद लागतील, आणि २ मिलिमीटरला २०. डोळ्यांना दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दोन चित्रांत जवळजवळ १७ मिलिसेकंद. १४४ वेळा बदलणाऱ्या पडद्यावर हेच अंतर ७ वर येते. तेव्हा घरी ६० चा पडदा असेल आणि पैसे एकाच वस्तूपुरते असतील, तर ते आधी पडद्यावर खर्च करावेत असे मी म्हणेन.

दुसरीही एक बाजू आहे. फार हलकी आणि फार वर चालू होणारी कळ नुसत्या टेकलेल्या बोटानेही दबते. याच खेळात आर कळ दाबली की बंदूक पुन्हा भरली जाऊ लागते, आणि बहुतेक बंदुकांना त्यासाठी दोन सेकंदांहून अधिक लागतात. आठ मिलिसेकंद वाचवायला गेलो आणि चुकून दबलेल्या एका कळीने दोन हजार घालवले, तर तो व्यवहार काही शहाणपणाचा नव्हे. ज्याचे बोट कळीवर जड टेकते त्याने चंदेरीच्या वाटेला जाऊ नये. चुंबकी कळफलक घेतला तरी सुरुवातीला खोली दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवावी आणि सवय होईल तसतशी वर आणावी.

यंत्राने किती मदत करावी याचीही एक मर्यादा आहे. जुलै २०२४ मध्ये रेझर कंपनीने 'स्नॅप टॅप' नावाची सोय आणली. तिच्यात ए आणि डी एकदम दबल्या तर शेवटची दाबलेली कळ आपोआप ग्राह्य धरली जाते. म्हणजे पहिली वेळेवर सोडण्याचे कसब लागतच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइकच्या व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या अधिकृत सामन्यांत अशा सोयींना बंदी केली. असली सोय चालू ठेवून खेळणारा सामन्यातून बाहेर काढला जाऊ शकतो. रॅपिड ट्रिगरवर ती बंदी नाही, कारण तिथे बोट खेळाडूलाच उचलावे लागते. खरेदीनंतर कळफलकाच्या सेटिंगमध्ये हे एकदा अवश्य पाहून घ्या.

मग घ्यावे काय? केवळ नेमबाजीचे खेळ खेळता आणि पैसा हाताशी आहे, तर रॅपिड ट्रिगर असलेला चुंबकी कळफलक घ्या. तेवढा खर्च परवडत नसेल, तर सरळ उतरणारा तांबडा स्विच बहुतेकांना पुरा पडतो. हात जड असेल तर काळा. त्याच कळफलकावर प्रबंध लिहायचा, प्रोग्रॅम लिहायचे, आणि रात्री तासभर खेळायचे असेल, तर तपकिरी तडजोड म्हणून चांगला. निळ्याचा आवाज भिंतीपलीकडे जातो. हॉस्टेलच्या खोलीत किंवा दोन खोल्यांच्या घरात कोणी झोपले असेल, तर त्यांचाही विचार करा. आणि मेकॅनिकल घेताना स्विच डाग न देता काढता-घालता येतात का ते विचारा. येत असतील तर निवड चुकली तरी अख्खा कळफलक बदलावा लागत नाही, नुसते स्विच बदलले की झालं. चुंबकी कळफलकात मात्र सहसा साधे स्विच चालत नाहीत, त्याच्या जातीचेच लागतात.

शेवटी एक साधी परीक्षा. दुकानात कळफलक समोर आला की एकदाच दाबून 'छान' म्हणू नका. तीन बोटे ए, डब्ल्यू आणि डी वर मिनिटभर नुसती टेकवून ठेवा. कळ आपोआप दबते का पाहा. मग ए आणि डी आळीपाळीने मिनिटभर मारा, आणि या वेळी लक्ष बोट खाली जाण्याकडे न देता वर येण्याकडे द्या. बोट थकले का, अडखळले का, हे तुमचे तुम्हाला कळेल. विकणाऱ्याला ते कळणे शक्य नाही.