राखणीचा कुत्रा मागच्या पायाने अधू झाला तर



चांदवडकडे मळ्यात वस्ती करून राहणाऱ्याला कुत्र्याचं मोल सांगायला नको. कांद्याची चाळ, द्राक्षाची बाग, गोठ्यातल्या शेळ्या, सगळ्यांची रात्रीची राखण त्याच्याकडे. अशी आठ-दहा वर्षं चाकरी झाली, की एक दिवस दिसतं, उठताना वाघ्या पुढचे पाय रोवतो, पण मागचा भाग उचलायला त्याला दोनदा जोर करावा लागतो. चालताना कंबर झुलते. मग घरात कुणी तरी म्हणतं, "म्हातारा झाला, बांधून ठेवा आता कोपऱ्यात."

बांधून ठेवू नका. बसून राहिला की मांडीचं मांस झडतं, मांस झडलं की सांध्यावर जास्त भार येतो, सांधा दुखला की तो आणखी बसतो. म्हणून त्याला रोज थोडं थोडं चालतं ठेवणं, हाच खरा इलाज आहे.

पण त्याआधी एक खबरदारी. पाय एकाएकी लुळा पडला असेल, तोंडातून लाळ गळत असेल, खालचा जबडा लोंबत असेल, भुंकणं बदललं असेल, तर पिसाळल्याचा संशय घ्यावा. घास अडकला असेल म्हणून तोंडात हात घालू नका. त्याला वेगळा कोंडून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. चावला असेल किंवा जखमेला लाळ लागली असेल, तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या.

एरवी पाय हळूहळू अधू होण्याची कारणं साधी असतात. खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा झिजतो. राहुड घाटासारख्या रहदारीच्या रस्त्यालगत वाढलेल्या कुत्र्याला कधी काळी गाडीचा धक्का बसलेला असतो, तो मार म्हातारपणी वर येतो. गोचिडाच्या तापानेही सांधे सुजतात, तेव्हा कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा. दुखणं सांध्याचं की मणक्याचं, याची एक परीक्षा घरी करता येते. ओळखीच्या माणसाने डोकं धरावं, दुसऱ्याने पोटाखाली हात देऊन कुत्रा उभा करावा आणि मागचा पंजा हलकेच उलटा टेकवावा. निरोगी कुत्रा तो लगेच सरळ करतो. उलटाच ठेवून उभा राहिला, किंवा चालताना नखं घासून झिजलेली दिसली, तर नस किंवा मणका बिघडलेला असू शकतो. त्याला डॉक्टरकडे न्या, व्यायाम त्यांना विचारूनच द्या. दोन्ही पाय एकदम गेले किंवा लघवी आपोआप गळू लागली, तर उद्यावर टाकू नका.

सांध्याचंच दुखणं ठरलं, की चालण्याचं वेळापत्रक लावा. एकदम बांधभर फिरवू नये. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, पाच-पाच मिनिटं, मातीच्या वाटेवरून, सावकाश. दुसऱ्या दिवशी जास्त लंगडला तर वेळ कमी करा. बरा असला तर आठवड्याने दोन मिनिटं वाढवा. उन्हात तापलेल्या डांबरावर नेऊ नका. उठता येत नसेल तर जुना पंचा मांड्यांच्या पुढे, पोटाखालून घ्या आणि दोन्ही टोकं वर धरून आधार द्या. त्याला उचलून न्यायचं नाही, अर्धा भारच आपण घ्यायचा. पाय त्यालाच टाकू द्यावेत. नराच्या लघवीच्या जागेवर पंचा दाबला जाऊ नये. भाकरीचा तुकडा दाखवून पाच वेळा बसवा-उठवा, मांडीला ताकद येते.

कोबा आणि फरशी हा अधू पायाचा वैरी. पाय फाकतो, कुत्रा पडतो, मग उठायलाच भितो. निजायच्या जागी गोणपाट अंथरा, थंडीत त्यावर जुनी घोंगडी टाका. वाढलेली नखं कापा; लांब नखांनी पंजा नीट टेकत नाही.

आता खाण्याचं. हात फिरवल्यावर बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर भाकरी हळूहळू कमी करा, कारण वाढलेल्या वजनाचा भार त्या दुखऱ्या सांध्यावरच पडतो. उलट नुसत्या ताक-भाकरीवर मांस धरत नाही. उकडलेलं अंडं, बिनमसाल्याची घट्ट डाळ द्या. आणि आपल्या भागातली ही गोष्ट ध्यानात ठेवा: कांदा आणि द्राक्ष दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. कच्चा असो की शिजलेला, कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि अशक्तपणा येतो. द्राक्षं व बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात. उरलेला कांद्याचा रस्सा भाकरीवर ओतायची सवय पुष्कळ घरांत आहे, ती सोडावी.

माणसाची दुखण्याची गोळी अर्धी करून देऊ नका. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडही जातं. डायक्लोफेनॅक जनावरांना देण्यावर तर २००६ सालीच आपल्या देशात बंदी आली. हे औषध दिलेली मेलेली ढोरं खाऊन गिधाडं मरत होती, म्हणून ती बंदी. कुत्र्याला चालणारं औषध डॉक्टर वजन बघून देतात, ते भरल्या पोटी द्यावं.

दोन धोके उरले. पहिला शेततळ्याचा. प्लॅस्टिकचा कागद गुळगुळीत असतो, धडधाकट कुत्र्यालाही त्यावरून वर येता येत नाही, मग अधू कुत्रा पाणी प्यायला उतरला तर संपलंच. तळ्याला कुंपण घाला आणि त्याच्या निजायच्या जागेजवळच पाण्याची घमेली ठेवा.

दुसरा बिबट्याचा. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याची विष्ठा तपासून अभ्यास झाला, त्यात भक्ष्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. नाशिक जिल्ह्यातही वस्तीवरून कुत्रा उचलला जाणं नवं नाही. ज्याला पळता येत नाही आणि जो साखळीला आहे, त्याला कुठली सुटका? अंधार पडायच्या आत त्याला पडवीत किंवा दार लागणाऱ्या खोलीत घ्या. राखण करायचीच तर तो आतूनही भुंकेल, कान अजून शाबूत आहेत त्याचे. रात्री एकदा उठून पंच्याच्या आधाराने लघवीला बाहेर काढा, हातात बॅटरी असू द्या, आणि परत आत आणून कडी लावा.