मालवण : पाहावें, जेवावें आणि शिकावें असें गांव

सुटी लागली कीं घरांतील मुलें वडील माणसांच्या मागें लागतात, आणि समुद्राचें नांव निघालें म्हणजे आजीआजोबा देखील मुलांचीच बाजू घेतात. मग बेत ठरतो, बोचकीं बांधलीं जातात, आणि चार दिवस किनाऱ्यावर घालवून मंडळी परत येतात. परंतु काय पाहिलें असें विचारल्यास ‘पाणी आणि वाळू’ यापलीकडे पुष्कळांस कांहीं सांगतां येत नाहीं. एवढा खर्च व श्रम करून इतकेंच पदरीं पडावें, हें संसारी माणसास परवडणारें नाहीं. म्हणून चारपांच दिवसांत सर्व वयांच्या माणसांस कांहींना कांहीं देणाऱ्या एका गांवाची माहिती येथें देण्याचें योजिलें आहे. तें गांव म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील मालवण.

या नांवाची व्युत्पत्ति लोक दोन प्रकारें सांगतात. मिठागरांवरून ‘महालवण’ असें नांव पडलें, असें कांहींचें म्हणणें. तर कांहींच्या मतें मूळ शब्द ‘माडबन’. कोणती खरी याचा निर्णय मुलांवर सोपवावा; गांवांत मीठ आणि माड या दोहोंचीही साक्ष मिळते. कोंकण रेल्वेनें कुडाळ स्थानकावर उतरलें म्हणजे तेथून मोटारीनें तासाभरांत मालवण गांठतां येतें. दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ प्रवासास उत्तम. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असल्यामुळें किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, हें ध्यानीं ठेवावें.

प्रथम अर्थात् सिंधुदुर्ग किल्ला. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज व इतर टोपीकर यांचा समुद्रावरील तोरा उतरावा म्हणून शिवाजीमहाराजांनीं कुरटे नांवाचें खडकाळ बेट निवडलें व सन १६६४ च्या नोव्हेंबरांत काम सुरू केलें. तें पुरें होण्यास सुमारें तीन वर्षें लागलीं. ज्या खडकापाशीं आरंभीचें पूजन झालें, तो ‘मोरयाचा धोंडा’ किनाऱ्यावर आजही दाखवितात. किल्ल्याचा विस्तार सुमारें ४८ एकर असून नागमोडी तटाची लांबी तीन किलोमीटरांच्या घरांत आहे. पायाच्या चिऱ्यांत शिसें ओतल्याचें सांगतात. दरवाजा बुरुजांच्या वळणांत असा दडविला आहे कीं, होडी अगदीं जवळ येईपर्यंत तो दृष्टीस पडत नाहीं. आंत शिरल्यावर चुन्यांत उमटलेले महाराजांच्या हाताचे व पायाचे ठसे भाविकपणें दाखविले जातात. पुढें राजाराममहाराजांनीं बांधविलेलें शिवराजेश्वराचें देऊळ लागतें. किल्ल्यांत अद्यापिही कांहीं कुटुंबें राहतात; तेव्हां तेथें हिंडतांना आपण कोणाच्या तरी अंगणांतून जात आहों, ही जाणीव असावी.

मुलांस आवर्जून दाखवाव्या त्या तीन विहिरी : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूंकडे खारा समुद्र आणि मध्यें गोडें पाणी, हा चमत्कार कसा? पावसाचें पाणी बेटाच्या खडकांतील भेगांतून खालीं मुरतें. खारें पाणी गोड्याहून वजनानें अधिक, शेंकडा अडीचांच्या आसपास. म्हणून गोडें पाणी खाऱ्यावर तरंगून राहतें व विहिरींत सांपडतें. परंतु उपसा बेताबाहेर केला तर खालचें खारें पाणी वर येतें. सृष्टीचा हा हिशेब एकदां समजला म्हणजे घरच्या नळाचें पाणी वाहूं देण्यापूर्वीं मूल क्षणभर थांबेल, अशी आशा करण्यास हरकत नाहीं.

किल्ल्यांतून परत आल्यावर राजकोटाकडे जावें. येथें डिसेंबर १९२३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, म्हणजे डिसेंबर २०२३ मध्यें महाराजांचा पुतळा उभारण्यांत आला. तो २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला. २०२५ सालीं त्याच जागीं नवा पुतळा उभा राहिला. साडेतीनशें वर्षें लाटा झेलणारा तट समोर, आणि नऊ महिन्यांत पडलेल्या कामाची जागा पायांखालीं! समुद्रकांठीं बांधावयाचें तर वारा व खारी हवा यांचा आधीं अभ्यास हवा, हा धडा याहून स्पष्ट कोठें मिळणार? जुलै २०२५ मध्यें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत सिंधुदुर्ग आहे. मान मिळाला तशी जबाबदारीही वाढली.

आतां जेवणाकडे वळूं. मालवण हें मासळीचें गांव. तेव्हां शाकाहारी कुटुंबाचें तेथें कसें निभावेल, अशी शंका गृहिणींच्या मनांत येणें साहजिक आहे. ती व्यर्थ आहे. घरगुती खाणावळींत आदल्या दिवशीं सांगून ठेवलें म्हणजे निराळा स्वयंपाक मिळतो. आंबोळी अथवा वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ, वसंतांत ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, आणि शेवटीं सोलकढी, एवढ्यावर कोणाचीही तृप्ति व्हावी. गोडांत नारळाच्या गुळचट रसांतले शिरवाळे, त्याच रसांत बुडविलेली जाळीदार खापरोळी आणि तवशाचें धोंडस हीं अवश्य खावीं. घरीं आणण्यास गूळ व आलें यांत घोळविलेला खाजा आहेच. मासळीच्या वासानें मुलांनीं नाकें मुरडूं नयेत, एवढें मात्र त्यांस आधीं बजावावें; ज्या अन्नावर सारा गांव जगतो त्याचा उपमर्द करणें हें शिष्टाचारास धरून नाहीं.

सोलकढी पितांना रातांब्याची हकीकत सांगावी. चैत्र-वैशाखांत हें फळ पिकतें. त्याची साल वेगळी काढून, मीठ घातलेल्या त्याच्याच रसांत पुनःपुन्हां भिजवून उन्हांत वाळविली म्हणजे आमसूल तयार होतें. बियांचें तेल साध्या हवेंतही घट्ट राहतें व भेगाळलेल्या टांचांस उपयोगी पडतें. एका फळांतील कांहींही वायां न घालविण्याची ही कला आपल्या आज्यांस ठाऊक होती. सुनांनीं ती तेथल्या बायकांजवळ बसून पुन्हां शिकावी.

भल्या पहांटे किनाऱ्यावर गेल्यास रापण पाहावयास मिळण्याचा संभव असतो. होडींतून जाळें अर्धवर्तुळाकार टाकतात. मग त्याचीं दोन्ही टोकें धरून माणसांच्या दोन रांगा तें वाळूवर ओढतात. मिळालेल्या मासळींत ओढणाऱ्या प्रत्येकाचा वांटा असतो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस ही व्यवस्था परकी वाटूं नये. परंतु यांत्रिक नौका मोठ्या पर्ससीन जाळ्यांनीं थवेच्या थवे खोल पाण्यांतच उचलूं लागल्यापासून रापणकऱ्यांच्या जाळ्यांत येणारें थोडें झालें, अशी त्यांची तक्रार आहे. २०१६ सालीं राज्य शासनानें अशा जाळ्यांवर निर्बंध घातले; तरी तंटा मिटलेला नाहीं. कमावणारा एकटा मोठा व्हावा कीं दहा घरांत चूल पेटावी, हा प्रश्न वाळूवर उभें राहून मुलांशीं बोलण्यासारखा आहे.

येथील समुद्राचा कांहीं भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून राखलेला आहे. पाण्याखालीं प्रवाळ आहेत. ते दगडासारखे दिसले तरी सूक्ष्म प्राण्यांनीं बांधलेलीं घरें आहेत; त्यांची वाढ अत्यंत मंद, आणि एका पावलानें वर्षांची बांधणी मोडते. हल्लीं पाण्यांत उतरून तें दृश्य दाखविणारे वाटाडे पुष्कळ झाले आहेत. तरुणांनीं खुशाल जावें; परंतु प्रवाळांवर उभें राहूं नये, तुकडा तोडून आणूं नये, आणि जो वाटाडी तसें करूं देतो त्याच्याबरोबर जाऊं नये.

वृद्धांस होडी अथवा वाळू सोसत नसेल तर त्यांनीं कुडाळ रस्त्यावरील धामापूरचा तलाव पाहावा. सन १५३० च्या सुमारास बांधलेला हा तलाव व त्याच्या कांठचें भगवतीचें देऊळ मनास शांत करतें. रात्रीं जवळपास जत्रा असेल तर दशावतार चुकवूं नये. लिखित संहितेवांचून, केवळ पुराणकथेच्या आधारावर नट रात्रभर संवाद रचीत जातात. ज्यांनीं पाठांतरावर आयुष्य काढलें त्यांसही त्या वाणीचें कौतुक वाटेल.

आतां व्यवहाराचें थोडें. किल्ल्यास सकाळीं लवकर जावें, म्हणजे ऊन व गर्दी दोन्ही टळतात. प्लास्टिकच्या बाटल्या नेल्यास त्या परत आणाव्या. उतरण्याची सोय शक्यतों स्थानिक घरांत करावी, खाजा व आमसुलें करणाऱ्याकडूनच घ्यावीं, आणि दरांत फार घासाघीस करूं नये. आपण दिलेले चार पैसे त्या घरांत राहिले, तर तेथील मुलांस गांव सोडून मुंबईची वाट धरण्याचें कारण तेवढें कमी होईल; आणि आपल्या नातवंडांस दाखविण्यासाठीं मालवण हें मालवणच राहील.