पीसीबी डिझाइन : वेळ नेमका कुठे वाचतो?

कुठल्याही कॉलेजात प्रोजेक्टसाठी पीसीबी (प्रिंटेड सर्किट बोर्ड) करायला बसलेल्या मुलांना घाई असते ती ट्रॅक ओढण्याची. बोर्ड बाहेरगावी बनायला दिला आणि त्यात चूक निघाली, की पुन्हा पैसे आणि पुन्हा वाट पाहणं. म्हणून काही समजुती आधीच सोडायला हव्यात.

गैरसमज : महागडं सॉफ्टवेअर असेल तरच काम भराभर होतं.

वस्तुस्थिती : कायकॅड हे पीसीबी डिझाइनचं सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे. फ्रान्समध्ये १९९२ साली ते सुरू झालं, पुढे सर्न या संशोधन संस्थेनेही त्याच्या विकासाला हातभार लावला. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम हे सॉफ्टवेअर याच कायकॅडला एनजीस्पाइस या सिम्युलेटरची जोड देतं, त्यामुळे बोर्डाआधी सर्किट तपासता येतं. कायकॅडमध्ये ट्रॅकसाठी एक्स, व्हायासाठी (थरांना जोडणाऱ्या छिद्रासाठी) व्ही, पार्ट फिरवायला आर, एवढ्या तीन कळा बोटांत बसल्या तरी फरक जाणवतो.

गैरसमज : आपोआप ट्रॅक ओढणारा ऑटोराउटर सगळं करून देतो.

वस्तुस्थिती : तो जोडण्या पुऱ्या करतो, पण मांडणी चुकली असेल तर त्याचाही इलाज चालत नाही. कनेक्टर कडेला, डिकपलिंग कपॅसिटर आयसीच्या पॉवर पिनलगत, आणि जोडणीच्या रेषा कमीत कमी गुंततील असे बाकीचे पार्ट. खरी मेहनत इथे करावी. मग राउटिंग सोपं होतं.

गैरसमज : डीआरसीत (सॉफ्टवेअरच्या डिझाइन रूल चेकमध्ये) एकही चूक नाही, म्हणजे बोर्ड बरोबर.

वस्तुस्थिती : सर्वांत महाग पडते ती हीच समजूत. डीआरसी ट्रॅकची रुंदी, दोन ट्रॅकमधलं अंतर, सुटलेल्या जोडण्या बघतो. पार्ट प्रत्यक्षात कसा आहे, हे त्याला कळत नाही. बीसी५४७ या ट्रान्झिस्टरची सपाट बाजू समोर धरली, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४मध्ये एमिटर, बेस, कलेक्टर. एकाच्या जागी दुसरा लावला तर डीआरसी पास होईल आणि सर्किट मात्र चालणार नाही. लायब्ररीतला फूटप्रिंटही डेटाशीटशी ताडूनच घ्यावा.

बोर्ड बनवणाऱ्याला गर्बर फाइल पाठवण्याआधी बोर्ड कागदावर मूळ मापात छापा आणि खरे पार्ट त्यावर ठेवून बघा. पाय पॅडवर बसत नसतील, तर ते तिथेच दिसेल.